एमआरआयच्या आधीची सुरक्षा-तपासणी: पुण्यातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

एमआरआयची वेळ मिळाली की घरात बोलणं होतं ते खर्चाचं, रिपोर्टचं आणि पार्किंगचं. सेंटरवर पोहोचल्यावर हातात लांबलचक फॉर्म येतो, मागे रांग असते, आणि मग न वाचताच सगळीकडे ‘नाही’वर खूण होते. हे पान त्या फॉर्मच्या आधी, घरी निवांतपणे वाचण्यासाठी आहे. रुग्णाची जुनी ऑपरेशनं घरात ज्याला आठवतात, त्याला शेजारी बसवून वाचलंत तर फार बरं.

### एमआरआयमध्ये किरणं नसतात ना? मग धोका कसला?

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखी किरणं यात नसतात, हे खरं. इथे काळजी घ्यायची ती तीन वेगळ्या गोष्टींची.

पहिली म्हणजे चुंबक. पुण्यातल्या सेंटरांमध्ये बहुतेक मशीन १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. लोखंड जवळ आलं तर हे चुंबक ते ओढतं, आणि शरीरात असलं तर फिरवून स्वतःच्या दिशेला वळवू पाहतं. दुसरी गोष्ट रेडिओ लहरी. १.५ टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झ आणि ३ टेस्लाला सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या लहरी अंगात सोडल्या जातात. त्या लांब तारेत किंवा धातूच्या कड्यात वीज निर्माण करतात आणि ती जागा तापते. एमआरआयमध्ये होणाऱ्या इजांपैकी सर्वाधिक नोंदी भाजण्याच्याच आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. तिसरी गोष्ट भराभर बदलणारं चुंबकीय क्षेत्र. खडखड आवाज त्याचाच, आणि पेसमेकरसारखी यंत्रं त्यामुळे गोंधळू शकतात.

म्हणून ‘माझ्या अंगात लोखंड नाही, मग झालं’ एवढं पुरत नाही. तांबं, चांदी, सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण तापू शकतं.

### मशीन बंद असताना खोलीत गेलं तर चालेल ना?

नाही. ते चुंबक बंद नसतंच. तारांची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. त्या थंडीत तारेचा विजेला होणारा विरोध उरत नाही, म्हणून एकदा सोडलेली वीज बाहेरून पुरवठा नसतानाही फिरत राहते. महावितरणची वीज गेली, खोलीतले दिवे विझले, रविवार असला, रात्रीचे दोन वाजले, तरी चुंबक तितकंच जोरदार असतं. स्कॅन चालू नसताना खोली शांत असते आणि फसगत नेमकी तिथेच होते.

ओढण्याचा जोर सगळीकडे सारखा नसतो. आजच्या मशीनमध्ये चुंबकत्व बाहेर पसरू नये म्हणून आवरण असतं. त्यामुळे दाराशी काहीच जाणवत नाही आणि बोगद्याच्या तोंडाजवळ जोर एकदम वाढतो. हातातली कात्री दोन पावलं अलीकडे हलकी वाटते आणि पुढच्या पावलाला हातातून सुटते. ‘ओढ लागली की मागे फिरेन’ हा हिशेब इथे चालत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबतचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसकट तो मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ एक माणूस गळ्यात व्यायामाची सुमारे नऊ किलोची साखळी घालून आत गेला आणि असाच दगावला. दोघेही रुग्ण नव्हते, हे लक्षात घ्या.

### फॉर्ममधले प्रश्न सेंटरवर दोन-तीनदा का विचारतात?

कारण ‘अंगात काही धातू आहे का?’ या प्रश्नाला माणूस मनापासून ‘नाही’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी कळतं की २०११ साली अँजिओप्लास्टी झाली होती. स्टेंटला कुणी मनात धातू म्हणत नाही. कानातल्या यंत्राचं, मेंदूतून पाणी काढण्याच्या नळीचं तसंच. म्हणून चांगला टेक्निशियन धातूबद्दल कमी आणि ऑपरेशनबद्दल जास्त विचारतो: डोक्याचं कधी काही झालं? छातीचं? पोटाचं? डोळ्यांचं? कानाचं? हाडं? अपघात? हृदयाचं काही? नोकरी कसली होती?

घरी फॉर्म भरताना हीच रीत ठेवा. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घ्या आणि तिथे ऑपरेशन, इंजेक्शनने बसवलेली वस्तू, जखम किंवा टाके काही आहेत का ते आठवा. अंगावरचे व्रण बघा. आईला आठवत नसलेलं ऑपरेशन व्रणावरून आठवतं.

स्वागतकक्षात फॉर्म, मग टेक्निशियनची तोंडी चौकशी, मग गाउन घातल्यावर दाराशी शेवटची खात्री, अशा तीन पायऱ्या असाव्यात. एकच माणूस घाईत तिन्ही उरकत असेल तर त्याला थांबवून ‘माझा फॉर्म वाचलात का?’ असं विचारायला संकोच करू नका.

### ऑपरेशनची कागदपत्रं सापडत नाहीत. काय करायचं?

जी वस्तू बसवली तिच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल क्रमांक आणि लॉट किंवा सिरियल क्रमांक असतो. बहुतेक रुग्णालयं त्यातली एक पट्टी डिस्चार्ज कार्डावर किंवा फाइलमध्ये लावतात. पेसमेकरच्या रुग्णाला वेगळं ओळखपत्र मिळतं. सेंटरला हवी ती ही पट्टी किंवा हे कार्ड. ‘टायटॅनियमचं आहे असं डॉक्टर म्हणाले होते’ यावर स्कॅन करता येत नाही.

फाइल हरवली असेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात भरतीचा क्रमांक आणि तारीख घेऊन लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांप्रमाणे रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. त्याच नियमांत नोंदी ३ वर्षं जपण्याची अट आहे, त्यामुळे जुन्या ऑपरेशनची फाइल मिळेलच असं नाही. पण ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर किंवा सर्जनकडची नोंद बऱ्याचदा सापडते. म्हणून स्कॅनच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा वेळ मिळाल्या मिळाल्या कागद शोधायला लागा.

वस्तूंवर किंवा त्यांच्या माहितीपत्रकावर तीन खुणा असतात. हिरवा चौकोन असेल तर एमआरआयमध्ये चालते. पिवळा त्रिकोण असेल तर ठरावीक अटींवर चालते. लाल वर्तुळात तिरकी रेघ असेल तर आत न्यायचीच नाही. शरीरात बसवलेल्या बहुतेक वस्तू पिवळ्या त्रिकोणात येतात, आणि सगळं काम त्या अटी वाचण्यातच असतं: किती टेस्ला, शरीराचा कोणता भाग, किती वेळ.

### पेसमेकर आहे. एमआरआय होऊ शकतो का?

पूर्वी याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं होतं. आता अनेक पेसमेकर आणि आयसीडी (गरज पडली तर हृदयाला आतून शॉक देणारं यंत्र) अटींसह चालणारे असतात. पण तपासताना बॅटरी आणि तारा दोन्ही बघाव्या लागतात. नवी बॅटरी जुन्या तारांना जोडलेली असेल किंवा दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील, तर कार्डावर ‘एमआरआय चालेल’ लिहिलेलं असूनही पूर्ण संच मान्य ठरत नाही. निकामी झालेली जुनी तार छातीत तशीच ठेवली असेल तर धोका वाढतो; मोकळ्या टोकाची तार रेडिओ लहरींनी तापते आणि ते टोक हृदयाच्या स्नायूत रुतलेलं असतं. छातीचा एक्स-रे यासाठीच मागतात. त्यात तारा मोजता येतात आणि बऱ्याचदा बॅटरीचं मॉडेलही ओळखू येतं.

पुढचा क्रम असा. हृदयरोगतज्ज्ञांचं लेखी पत्र घ्यायचं. पेसमेकर बसवून साधारण ६ आठवडे झालेले असावेत. स्कॅनच्या दिवशी प्रोग्रामर यंत्र घेऊन जाणकार माणूस येतो, बॅटरी आणि तारांची मापं बघतो आणि पेसमेकर एमआरआयच्या मोडवर ठेवतो. स्कॅनभर ईसीजी आणि ऑक्सिजन दिसत राहायला हवा, आणि शॉक देण्याचं यंत्र खोलीबाहेर तयार हवं. स्कॅन संपला की मूळ सेटिंग परत आणायचं. आयसीडीच्या बाबतीत तर हे अजिबात विसरून चालत नाही, कारण एमआरआयच्या मोडमध्ये त्याचा शॉक बंद ठेवलेला असतो. ही सोय नसलेल्या सेंटरने नकार दिला तर वाद घालू नका, ते योग्यच करत आहेत. पेसमेकर जुन्या प्रकारचा असेल तर काही मोठी रुग्णालयं फायदा-धोका तोलून, १.५ टेस्लावर, याच देखरेखीखाली स्कॅन करतात. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि रेडिऑलॉजिस्ट मिळून घेतात.

### रॉड, प्लेट, स्टेंट, बदललेला गुडघा, तांबी, मोतीबिंदूची लेन्स...?

यातल्या बहुतेकांना अडचण येत नाही, तरी सांगायचं मात्र सगळं.

हाडातले स्क्रू, प्लेट, रॉड, बदललेला गुडघा किंवा खुबा टायटॅनियमचा किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलचा असतो आणि हाडात घट्ट बसलेला असतो. त्याच्या आसपासचं चित्र बिघडतं, ती वेगळी गोष्ट. हृदयातले स्टेंट बसवल्यावर थांबावं लागतं हा जुना समज आहे. आजचे बहुतेक स्टेंट १.५ आणि ३ टेस्लाला लगेच चालतात. कृत्रिम झडपांचंही बहुधा तसंच. मोतीबिंदूची लेन्स, हर्नियाची जाळी, कुटुंबनियोजनाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये टाकलेल्या रबरी रिंगा आणि दातातली चांदी यांचा त्रास होत नाही. तांबी सहसा चालते, पण सांगून ठेवा. काढता येणारी कवळी मात्र काढायची. दातांच्या तारा चालतात, पण मेंदूचं आणि चेहऱ्याचं चित्र खराब होतं.

हाडाच्या बाहेरून लावलेला सांगाडा आणि त्वचेतून बाहेर आलेल्या तारा यांना वेगळं परखावं लागतं, कारण त्यात मोठी कडी तयार होतात आणि ती तापतात. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळून पोटाची तपासणी झाली असेल तर ती शौचावाटे पडल्याची खात्री झाल्याशिवाय एमआरआय नाही. दुर्बिणीने पोटातला रक्तस्राव थांबवायला क्लिप लावली असेल तर तेही सांगा. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी बसवलेल्या फुगवायच्या पिशवीच्या तोंडाशी काही वेळा चुंबक असतं. अशी पिशवी असताना स्कॅन करत नाहीत.

### मेंदूतली क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, शंट यांच्याबाबत एवढे कडक का असतात?

मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीला लावलेली जुन्या काळची क्लिप चुंबकाला चिकटणारी असू शकते. ती अंशभर फिरली तरी रक्तवाहिनी फाटते. आताच्या क्लिपा टायटॅनियमच्या वगैरे असतात आणि चालतात, पण कोणती आहे हे लेखी कळल्याशिवाय कुणीही जबाबदार रेडिऑलॉजिस्ट हो म्हणणार नाही. एक्स-रेमध्ये क्लिप दिसते, तिचा धातू कळत नाही. मात्र गुंडाळीने, म्हणजे कॉइलने, उपचार झाला असेल तर सहसा अडचण नसते. दोन्हीत गल्लत होऊ नये म्हणून डिस्चार्ज कार्ड लागतं.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवलेल्या यंत्रात, त्वचेखाली चुंबक असतं. काही मॉडेलना डोक्याला घट्ट पट्टी बांधून, तर काहींना ते चुंबक शस्त्रक्रियेने काढून स्कॅन करतात, आणि काहींना करता येतच नाही. बाहेरचा भाग प्रत्येकाने काढायचा.

बाहेरून दाब बदलता येणारा शंट, म्हणजे मेंदूतून पाणी काढणारी नळी, असेल तर एमआरआयच्या चुंबकाने त्याचं सेटिंग सरकू शकतं. स्कॅन करता येतो, पण नंतर त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडून सेटिंग तपासून घ्यायची वेळ आधीच ठरवा. मेंदूत किंवा मणक्यात बसवलेली विजेची स्टिम्युलेटर यंत्रं आणि शरीरातले औषधाचे पंप असतील तर कंपनीचं अटींचं पत्रक लागतंच.

### मागच्या वर्षी याच रॉडसकट एमआरआय झाला, काही झालं नाही. तरी पुन्हा चौकशी?

हो, आणि ती गरजेची आहे. मागचं मशीन १.५ टेस्लाचं असेल, आजचं ३ चं. मागे गुडघा मधोमध होता, आज पाठ आहे. शिवाय कमी टेस्ला म्हणजे कमी धोका, असंही सरसकट म्हणता येत नाही. तार किती तापेल हे तिची लांबी आणि लहरीची वारंवारता यांच्या मेळावर ठरतं. ३ टेस्लाला तपासलेली तार १.५ ला जास्त तापू शकते. मागचा अनुभव सांगा, पण तो परवाना धरू नका.

### भोसरीत वर्कशॉपला आहे. डोळ्यांबद्दल इतकं खोदून का विचारतात?

भोसरी, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगवर आयुष्य काढलेली हजारो माणसं या शहरात आहेत, आणि आमच्या मते पुण्यात फॉर्मवरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. ग्राइंडिंगचा पोलादी कण डोळ्याच्या गोलात रुतून वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. हाडातल्या स्क्रूला हाड धरून ठेवतं; डोळ्यातल्या कणाला धरणारं काही नसतं. चुंबकात तो सरकला तर आत रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. १९८६ मध्ये असं झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

‘कण जायचेच हो, चोळलं की निघायचे’ हे उत्तर पुरेसं नाही. कधी डॉक्टरकडून कण काढावा लागला का, तो पूर्ण निघाला असं त्यांनी सांगितलं का, हे सांगा. शंका राहिली तर डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढतात, साधारणपणे एकदा नजर वर आणि एकदा खाली ठेवून, म्हणजे कण डोळ्यात आहे की बाहेर हाडापाशी ते कळतं. डोक्याचा अलीकडचा सीटी स्कॅन असेल तर तो आणा. वेगळा एक्स-रे वाचतो. वीस वर्षांपूर्वी नोकरी सोडली असली तरी सांगा. हौसेने घरी वेल्डिंग करणाऱ्यांनीही सांगा.

### सैन्यात होतो, अंगात छर्रे आहेत.

खडकी, देहूरोड, कॅम्प, घोरपडी या भागांतून निवृत्त जवान नेहमी येतात. छर्रा किंवा गोळीचा तुकडा पोलादी असू शकतो. मांडीच्या स्नायूत वर्षानुवर्षं व्रणात गुरफटलेला तुकडा वेगळा, आणि मणक्याशेजारी, मोठ्या रक्तवाहिनीजवळ किंवा डोळ्यापाशी असलेला वेगळा. त्या भागाचा एक्स-रे किंवा सीटी बघून रेडिऑलॉजिस्ट ठरवतात. लष्करी रुग्णालयातली जुनी कागदपत्रं असतील तर तीही आणा.

### दागिने सगळेच काढायचे? मंगळसूत्रसुद्धा?

सगळेच. मंगळसूत्र, नथ, चमकी, कुडी, बुगडी, पैंजण, जोडवी, बांगड्या, अंगठी, कडं, ताईत, करगोटा. खऱ्या सोन्याला चुंबक ओढत नाही, पण कडीतल्या स्प्रिंगचं आणि फिरकीचं पोलाद ओढलं जातं, गळ्यातली बंद साखळी रेडिओ लहरींसाठी तयार कडं ठरते, आणि मानेचा स्कॅन असेल तर चित्र हातचं जातं. तुळशीबागेतल्या खोट्या दागिन्यांत आत कोणता धातू आहे हे कुणालाच सांगता येत नाही. करगोटा आणि दंडातला ताईत कपड्याखाली राहून जातो, तो विशेष आठवणीने काढा.

सर्वांत जास्त निसटतात त्या पिना. पदराची पिन, निऱ्यांची पिन, ब्लाउजला आतून लावलेली, बांगड्यांत अडकवलेल्या चार सेफ्टी पिना, अंबाड्यातले आकडे, गजऱ्यातली तार. हे सगळं पोलाद आहे आणि ते बाणासारखं उडतं. साडी नेसून आला असाल तर साडी, परकर, ब्लाउज, ब्रा सगळं काढून सेंटरचाच गाउन घाला. हुक आणि जरीचे धागे दोन्ही धातूचे असू शकतात.

मौल्यवान वस्तू शक्यतो घरीच ठेवा. मंगळसूत्र काढणं मनाला जड जात असेल तर ते सोबतच्या जवळच्या व्यक्तीच्या हातात द्या आणि बाहेर आल्याबरोबर घाला. टेक्निशियनने इथे गडबड करू नये, दोन मिनिटं द्यावीत.

जोडवी रुतली असतील तर आधी घरीच साबण लावून प्रयत्न करा. तरीही निघत नसतील तर टेक्निशियनला दाखवा. चांदीच असल्याची खात्री करून, बोटांमध्ये कापूस ठेवून, ती स्कॅनच्या भागापासून लांब असतील तर काही वेळा तसंच करता येतं. ते ठरवायचं काम सेंटरचं.

### घरचे सुती कपडे घालून चालणार नाही का?

सुती कापडाने बिघडत नाही, पण ट्रॅकपँट, व्यायामाचे कपडे, ‘वास रोखणारी’ बनियनं यांत चांदीचे किंवा तांब्याचे धागे असू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामुळे कातडी भाजलेली आहे. गाउन घाला, विषय संपला.

याशिवाय निघायला हव्यात अशा गोष्टी: नाकाशी पट्टी असलेला मास्क (पट्टी धातूची असते), वेदनेची, निकोटिनची किंवा हृदयाची औषधी पट्टी (काहींच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, काढल्यावर नवी कधी लावायची ते डॉक्टरांना विचारा), साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर, इन्सुलिन पंप, श्रवणयंत्र, चुंबकाचे पट्टे, केसांचे जोड. सेन्सर बदलायच्या दिवशीच स्कॅनची वेळ घेतली तर पैसे वाया जात नाहीत. काजळ, मस्कारा, चकाकणारी आयशॅडो यांत लोहाचे कण असू शकतात. चेहरा धुऊन या. चकाकती टिकली काढा. मेंदी आणि हळदीने काही होत नाही.

आजींच्या कपाळावरचं, हातावरचं गोंदण बहुधा काजळीचं असतं आणि त्रास देत नाही. रंगीत टॅटू आणि भुवयांचं कायमचं रंगकाम क्वचित गरम होतं. ते सांगून ठेवा आणि चटका जाणवला की टेक्निशियनला बोलवण्यासाठी हातात दिलेला फुगा लगेच दाबा.

### वजन नेमकं का हवं? अंदाजे सांगितलं तर?

रेडिओ लहरींची किती ऊर्जा शरीरात जाऊ द्यायची, हे मशीन किलोवर मोजतं. नेहमीच्या मर्यादेत ते संपूर्ण शरीरासाठी किलोमागे २ वॅट धरतात. ५० किलोच्या बाईचं वजन ८० लिहिलं तर मशीनचा हिशेब चुकतो आणि तिला जास्त ऊर्जा मिळू शकते. इंजेक्शनचा डोसही वजनावरच असतो. म्हणून सेंटरवरच काट्यावर उभं राहा.

टेबलावर झोपल्यावर हाताची घडी घालू नका, बोटं एकमेकांत गुंतवू नका, पायावर पाय टाकू नका. उघड्या त्वचेला त्वचा टेकली की शरीराचंच कडं बनतं आणि टेकलेली जागा भाजते. मांड्यांमध्ये आणि दंडाशेजारी पॅड ठेवतात ते म्हणूनच. बोगद्याच्या भिंतीला कोपर लागत असेल तर सांगा, टेक्निशियन पॅड सरकवून देतो. स्कॅनभर कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही हवेत. आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो.

### इंजेक्शन देऊन एमआरआय आहे. मूत्रपिंडाची तपासणी कशाला?

चित्र स्पष्ट दिसावं म्हणून देतात त्या औषधात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि ते औषध लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड फार कमी काम करत असेल तर ते अंगात रेंगाळतं. जुन्या प्रकारच्या काही औषधांनी अशा रुग्णांची कातडी आणि सांधे आक्रसून जाण्याचा आजार झाला, हा संबंध २००६ मध्ये समोर आला. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारा आकडा) ३० च्या खाली असणाऱ्यांबाबत जास्त काळजी घेतात आणि आता धोका अगदी कमी असलेली औषधं वापरतात. मधुमेह, रक्तदाब, एकच मूत्रपिंड, डायलिसिस यांपैकी काही असेल तर अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा. डायलिसिसवर असाल तर स्कॅनची वेळ डायलिसिसच्या आधी धरतात.

नेहमीच्या औषधाचा डोस साधारण किलोमागे ०.२ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोला १२ मिलिलिटर. आधी कधी याच इंजेक्शनने गांधी उठल्या, धाप लागली असेल किंवा दमा असेल तर लिहा. सीटीच्या आयोडीनच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे, तरी तीही सांगा.

### गरोदरपण, पाळी, अंगावरचं दूध?

पाळीत करता येतो. गरोदरपणात गरज असेल तर कोणत्याही महिन्यात करतात, पण गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळतात. पाळी चुकली असेल तर तपासणीआधीच सांगा. इंजेक्शन घेतलं तरी दूध पाजायचं थांबवावं लागत नाही. दुधात उतरणारं प्रमाण अगदी नगण्य असतं.

### बोगद्यात जीव घाबरतो. लहान मुलाला कसं झोपवतात?

बोगद्याचा व्यास ६० किंवा ७० सेंटिमीटर असतो. घाबरत असाल तर वेळ घेतानाच ७० सेंटिमीटरच्या मशीनबद्दल विचारा. डोळ्यांवर आत जायच्या आधीच रुमाल ठेवला तर पुष्कळांना बरं वाटतं. दोन सूचना महत्त्वाच्या: ही भीती लपवू नका, आणि घरून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊन येऊ नका.

तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, गुंडाळून झोपवून बरेचदा काम होतं. भूल द्यायची असेल तर कोणतंही खाणं आणि वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. ‘रडत होता म्हणून एक बिस्कीट दिलं’ हे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्या दिवशी तपासणी रद्द झालेली परवडते.

### सोबतच्या माणसाची तपासणी कशासाठी?

चुंबकाला रुग्ण कोण आणि मामा कोण हे कळत नाही. मुलासोबत आत थांबणाऱ्या आईनेही पूर्ण फॉर्म भरायचा, दागिने काढायचे, खिसे रिकामे करायचे. गाडीची किल्ली, मोबाईल, नाणी, नेलकटर, पट्ट्याचं बक्कल बाहेर. एटीएम कार्डाची काळी पट्टी आत पुसली जाते. पेसमेकर असलेल्या नातेवाइकाने दाराजवळही रेंगाळू नये. कुणी सांगितल्याशिवाय आतल्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, रुग्ण आतून हाक मारत असला तरीही, टेक्निशियनला बोलवा.

### रुग्ण आयसीयूतून किंवा अ‍ॅम्ब्युलन्समधून येतोय, शुद्धीवर नाही.

तेव्हा नातेवाइकांचं म्हणणं, जुने कागद, अंगावरचे व्रण आणि गरजेप्रमाणे डोकं-छाती-पोटाचे एक्स-रे किंवा सीटी यांवरून ठरवतात. नेहमीचा ऑक्सिजन सिलिंडर, स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, सिरिंज पंप दाराबाहेर राहतात. आतलं स्ट्रेचर आणि सिलिंडर वेगळे, चुंबकाला न चिकटणारे असतात. हलवाहलव बाहेर, उजेडात, चादर पूर्ण बाजूला करून करावी. पायाशी ठेवलेला सिलिंडर चादरीखालीच आत जातो.

आत रुग्णाची प्रकृती बिघडली तर छाती दाबत दाबत त्याला आधी बाहेर आणतात आणि बाकीचे उपचार बाहेर करतात. धावत आलेल्या डॉक्टरांच्या खिशात कात्री असते. कुणी यंत्राला चिकटून अडकलं असेल तरच हेलियम सोडून चुंबक विझवतात. त्यालाही मिनिटभर तरी जातो.

### टेबलावर झोपल्यावर काहीतरी आठवलं तर?

लगेच सांगा. फुगा दाबा. ‘आता काय, सुरू झालंय’ असं म्हणून गप्प बसू नका. टेबल दोन मिनिटांत बाहेर येतं. चटका, गुदगुल्यांपलीकडची चिमट, डोळ्यात टोचणं, पेसमेकरच्या जागी धडधड यांपैकी काहीही झालं तर तेच.

### स्कॅन झाल्यावर काही करायचं असतं का?

पेसमेकरचं मूळ सेटिंग परत आलं का ते कागदावर लिहून घ्या. शंटची तपासणी त्याच दिवशी. अंगावर लाल चट्टा किंवा फोड दिसला तर घरी जाण्याआधी दाखवा. इंजेक्शन झालं असेल तर साधारण अर्धा तास सेंटरवर थांबा. भूल घेतली असेल तर दिवसभर गाडी चालवायची नाही. आणि इम्प्लांटची चिकटपट्टी सापडलीच आहे तर तिचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी वेळ घेतानाच तो सेंटरला पाठवता येतो.